चोरांना सुकती ठाऊक होती

फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीकाठी आमच्या शेजारच्या कालवंवाल्यानं यंदा धंदा विकला. पाठ कामातून गेली, मुलाला यात रस नाही, अशी कारणं बंदरात सगळे एकमेकांना सांगतात. चोऱ्यांचं नाव कुणी काढत नाही, म्हणून मी काढते.

आधीचा इतिहास दोन ओळींचा. १९७० च्या सुमारास पोर्तुगीज जातीची कालवं रोगानं संपली. जपानी जातीची आणून धंदा पुन्हा उभा राहिला. घडी पुन्हा विस्कटली ती २००८ पासून. हर्पीसच्या विषाणूनं फ्रान्सभर कोवळी कालवं मरू लागली. माल घटला, भाव चढला आणि भावामागोमाग चोर आले. त्यापुढची दहा वर्षं मी इथे राहून पाहिली.

कालव विक्रीला यायला तीनेक वर्षं लागतात. जाळीच्या पिशव्या लोखंडी घोड्यांवर रबरी पट्ट्यांनी बांधायच्या, ओहोटी साधून त्या उलटायच्या, शेवाळ झाडायचं, वाढीप्रमाणे माल निवडून पुन्हा भरायचा. वर्षाच्या विक्रीतला जवळपास निम्मा भाग नाताळ-नववर्षाचा. चोऱ्याही त्याच्या तोंडावर, उधाणाच्या मोठ्या सुकतीला, रात्री.

अशाच एका चोरीनंतरच्या सकाळी मी शेजाऱ्याच्या होडीतून गेले होते. पट्ट्या सुरीनं कापलेल्या. तयार मालाची रांग रिकामी, आणि हाताच्या अंतरावरची कोवळ्या मालाची रांग जशीच्या तशी. कापलेली एक पट्टी त्यानं खिशात घातली. अंधारात, गुडघाभर पाण्यात कुठली पिशवी तयार आहे हे ओळखणारा माणूस उपरा नव्हता. सपाट तळाची होडी त्याच्याकडे होती, सुकतीची वेळ त्याला ठाऊक होती, माल खपवायची वाटही होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

तेव्हापासून बंदरातली बोलणी आटली. कुणाचा माल कधी निघणार हे कुणी सांगेना. होडी मागायला आलेल्याकडेही माणसं निरखून बघू लागली. जांदार्म, म्हणजे फ्रेंच पोलीस, होडीतून, घोड्यावरून, हेलिकॉप्टरमधून गस्त घालत, पण दीडशे चौरस किलोमीटरची खाडी राखायची कशी? भूमध्य काठावरच्या एकानं रिकाम्या शिंपल्यांत बक्षिसाच्या चिठ्ठ्या घातल्या, शिंपले चिकटवून मालात मिसळले. गिऱ्हाइकानं बक्षीस मागायला फोन केला की विकणारा सापडावा, हा हिशेब. लोकांना त्याचं हसू आलं. मला त्या माणसाच्या वाया गेलेल्या संध्याकाळी दिसल्या.

आमच्याकडे येणारे पाहुणे, त्यांत मराठीही, हमखास म्हणत, “समुद्रातली वस्तू, ती काय कुणाच्या बापाची?” मालवणच्या खडकावरची कालवं कुणी पेरलेली नसतात. इथे तळ सरकारचा असला तरी तुकडा भाड्यानं घेतलेला असतो, आणि त्यावर तीन वर्षांची मेहनत असते.

चोरीच्या मालाला लेबल नसतं. २०२३ च्या डिसेंबरअखेर नोरोव्हायरसमुळे आर्काशाँच्या कालवांची विक्री थांबवली, बाजारातला माल परत मागवला. तो लेबलामुळे शोधता आला. बिनलेबलाची टोपली कुठून परत मागवणार? ऐन सणात दुकानं बंद ठेवून प्रामाणिक माणसांनी मात्र नुकसान सोसलं.

शेजाऱ्याच्या निरोपाला बंदर लोटलं होतं. त्याच्या कष्टांवर भरभरून बोलणाऱ्यांतल्या दोघांना मी नववर्षाच्या आदल्या दिवशी व्हॅनमागे उभं राहून बिनलेबलाच्या टोपल्या घेताना पाहिलं आहे.