हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

गोल बाजार ही रायपूर शहरातील जुनी बाजारपेठ आहे. समजा, तेथील एका दुकानदारास आपल्या आजारी आईला मुंबईच्या रुग्णालयात दुपारी चार वाजता तपासणीसाठी न्यायचे आहे. त्याने घरून केव्हा निघावे?

रायपूर व मुंबई येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ९५५ किलोमीटर आहे. लोहमार्ग गोंदिया, नागपूर, भुसावळ असा वळणे घेत जातो. म्हणून तो सुमारे ११४० किलोमीटर भरतो आणि आगगाडीस साधारणपणे १८ ते २० तास लागतात.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ९५५ किलोमीटर अंतर सुमारे ७२ मिनिटांत कापले जावे. वेळापत्रकात मात्र पावणेदोन ते दोन तास दिलेले असतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि वेग कमी करीत उतरणे यांत बराच वेळ जातो. मुंबईचा विमानतळ गजबजलेला असल्याने उतरण्यापूर्वी कधी कधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा विमानास अडवतो. परतीच्या प्रवासात तोच साहाय्य करतो.

शिवाय माना येथील विमानतळ गाठण्यास पाऊण तास, सुरक्षा तपासणी इत्यादींसाठी दोन तास आणि मुंबईत विमानतळापासून रुग्णालयापर्यंत दीड तास धरावा लागतो. म्हणजे दुपारी बारा वाजताच्या विमानासाठी सकाळी सव्वानऊ वाजता निघावे लागेल आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेतीन वाजतील. हाताशी केवळ अर्धा तास उरेल.

म्हणून प्रवासाचा बेत आखताना तिकिटावरील वेळेत विमानाआधीचा व नंतरचा वेळ अवश्य मिळवावा.