चिमूरचे प्राध्यापक-खासदार

प्राध्यापकाने वर्गातून उठून लोकसभेत जावे, यात नवल नाही. प्रा. जोगेंद्र कवाडे मात्र तेथवर रस्त्याने चालत गेले. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या आणि ठराव कागदावरच राहिला. तेव्हा ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेल्या लाँग मार्चचे नेतृत्व कवाडे यांनी केले. नाव लाभले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून. मागितले होते नामांतर, पदरी पडला नामविस्तार!

१९९८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरने, बेचाळीसच्या क्रांतीत गाजलेल्या त्या चिमूरने, आपल्या मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून त्यांस दिल्लीस पाठविले. अकोला, अमरावती आणि उत्तर-मध्य मुंबई येथूनही रिपब्लिकन उमेदवार विजयी झाले. चारही जागा खुल्या होत्या, हे विशेष. काँग्रेसची साथ होती खरी. पण ऐक्य नसते तर ती साथ तरी कोण देता? एका मताने सरकार कोसळले त्या सभागृहात चार मतांचे मोल केवढे, हे काय सांगावयास हवे? तेरा महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली. ऐक्यही फुटले. जंगलपट्टीतील वनजमिनीचे, धानाच्या पाण्याचे प्रश्न इतक्या अवधीत सुटते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते नेटाने लावून धरणारा एकसंध गट मागे उरला नाही, ही आमची तक्रार आहे.

पुढे काँग्रेसच्या साह्याने कवाडे विधान परिषदेत गेले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या पक्षाने एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेशी युती केली. नामांतरास विरोध करणाऱ्या पक्षाचाच वारसा ही शिवसेना सांगते, म्हणून टीका झाली. ती अनाठायी नव्हती. मात्र केवळ संधिसाधूपणाचा शिक्का मारून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. लहान पक्षास स्वतःच्या बळावर उभे राहता येईना, की तो आधार शोधतो. आणि हे बळ गटबाजीत घालविण्याचे अपश्रेय एकट्या कवाडे यांचे नव्हे, चौघांचेही आहे.

दरम्यान मतदारसंघांची पुनर्रचना झाली. २००९ पासून गडचिरोली-चिमूर ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि आदिवासींच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. पण खुल्या चिमूरने रिपब्लिकन प्राध्यापकास दिलेला तो कौल आता तेथे पुन्हा मिळावयाचा नाही. लाँग मार्चमध्ये चाललेल्यांपैकी जे आज हयात आहेत, त्यांस त्या कौलाचा हिशेब अद्याप कोणी दिलेला नाही.