९१-० : चूक कोणाची?
लेखमाला : मैदानाचे कायदेकानू – लेखांक ११

ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या एका सामन्यात टेक्सासमधल्या अलेडो हायस्कूलने फोर्ट वर्थच्या वेस्टर्न हिल्स हायस्कूलचा ९१-० असा धुव्वा उडवला. त्यानंतर हरलेल्या संघातल्या एका मुलाच्या पालकांनी अलेडोचे प्रशिक्षक टिम ब्यूकॅनन यांच्याविरुद्ध रीतसर तक्रार केली. तक्रार होती दादागिरीची. मोठी मुलं लहानांना छळतात तेव्हा शाळेकडे जी करतात, तीच. अशी तक्रार आली की तिथल्या शाळांना चौकशी करावीच लागते. ती झाली आणि ब्यूकॅनन निर्दोष ठरले. वेस्टर्न हिल्सच्या प्रशिक्षकांचीही त्यांच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मग ९१ गुण झाले कसे? त्यासाठी हा खेळ थोडा समजून घ्यायला हवा. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. तो समोरच्याच्या हद्दीत शेवटपर्यंत नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला की आणखी १, किंवा धोका पत्करून चेंडू पुन्हा हद्दीपार नेला तर २. हायस्कूलचा सामना १२ मिनिटांच्या चार भागांचा असतो. पण घड्याळ सतत चालत नाही. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही किंवा चेंडू घेऊन पळणारा मैदानाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. चेंडू घेऊन मधूनच पळालं आणि मैदानातच खाली पाडलं गेलं, तर मात्र वेळ सरत राहतो. म्हणजे आघाडीवरच्या संघाच्या प्रशिक्षकाला सामना लवकर आटपायचा असेल तर त्याच्या हातात बरंच काही असतं.

ब्यूकॅनन यांनी ते सगळं केलं. पहिल्या फळीतल्या खेळाडूंना त्यांनी २१ चालींनंतर बाहेर बसवलं. पुढे चेंडू फेकणं बंद केलं. समोरून लाथाडलेला चेंडू झेलून पळायचं नाही, झेलून जागेवर थांबायचं, असं मुलांना बजावलं. उत्तरार्धात घड्याळ न थांबवता चालू ठेवण्यात आलं. अलेडोने सामनाभरात आक्रमणाच्या जेमतेम ३२ चाली खेळल्या आणि तरीही १३ टचडाउन झाले. तो संघच तसा होता; त्या वर्षी राज्याचं विजेतेपदही त्यांनीच पटकावलं.

याच्या शेजारी कॅलिफोर्नियातला २९ ऑक्टोबर २०२१चा सामना ठेवून पाहा. इंगलवुड हायस्कूलने मॉर्निंगसाइड हायस्कूलला १०६-० असं लोळवलं. दोन्ही शाळा एकाच शहरातल्या, एकाच शिक्षण मंडळाच्या. पहिल्या १२ मिनिटांतच फलक ५९-० दाखवत होता. तरी इंगलवुडचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, चेंडू फेकतच राहिला आणि त्याने १३ टचडाउन पास दिले. फलकावर १०४-० लागल्यावर या संघाने १ गुणाच्या साध्या किकऐवजी २ गुणांसाठी प्रयत्न केला आणि ते मिळवलेही. त्यावर गदारोळ झाला, शालेय क्रीडा संघटनेने जाहीर नापसंती व्यक्त केली आणि शाळेला माफी मागावी लागली.

आकड्यांनी पाहिलं तर दोन्ही सामने सारखेच. माझ्या मते त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो १०४ नंतरच्या त्या २ गुणांत उघडा पडतो. त्या गुणांची गरज कोणालाच नव्हती. ज्या मुलांच्या अंगावर ते लादले गेले, ती सोमवारी त्याच शहरातल्या शाळेत जाणार होती.

आपल्याकडच्या वाचकाला इथे जानेवारी २०१६मधला कल्याणचा आंतरशालेय सामना आठवेल. प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या तो. समोरची शाळा पहिल्या डावात ३१ धावांत गारद झाली होती. म्हणजे आघाडीला ३२ धावा पुरेशा होत्या. डाव घोषित झाला तो ३ बाद १४६५वर. प्रणवच्या पराक्रमाचं कौतुक व्हायलाच हवं होतं आणि ते झालं. पण उन्हात तिष्ठत चेंडू टाकणाऱ्या समोरच्या पोरांची विचारपूस फार थोड्यांनी केली, याचं मला आजही वाईट वाटतं. क्रिकेटमध्ये निदान डाव घोषित करण्याची सोय आहे. अमेरिकी फुटबॉलमध्ये तीही नाही. गुण मिळवले की चेंडू समोरच्याला द्यायचा. त्याच्या हातून तो निसटला की पुन्हा आपल्याकडे, आणि पुन्हा गुण.

आता राखीव खेळाडूंचा विचार करा. ऑगस्टच्या उकाड्यात सरावाला येणारा, हंगामभर बाकावर बसणारा पंधरा वर्षांचा मुलगा. शुक्रवारच्या रात्री अख्खं गाव सामन्याला लोटलेलं असतं, आईवडील प्रेक्षकांत असतात, आणि फलकावर ५०-० लागल्यावर त्याला आत पाठवतात. त्याच्या हाती चेंडू येतो, समोर मोकळं मैदान आहे. त्याला काय सांगायचं? हद्दीच्या आधी मुद्दाम खाली पड म्हणून? ती त्याची चेष्टा झाली, आणि त्याच्यामागे जीव तोडून धावणाऱ्या मुलाचीही. ‘तुम्हाला आम्ही दया दाखवतोय’ हे इतकं उघड सांगण्यापेक्षा आणखी एक टचडाउन पत्करला. म्हणून प्रशिक्षकाने चाली साध्या कराव्यात, माणसं बदलावीत. आत गेलेल्या मुलाला मात्र मनापासून खेळू द्यावं.

याच कारणासाठी गुणांच्या फरकावर शिक्षा देणारे नियम मला पटत नाहीत. कनेक्टिकटमध्ये २००६ साली असा नियम आला की ५०हून जास्त गुणांनी जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकावर एका सामन्याची बंदी. त्याआधी तिथल्या न्यू लंडनच्या संघाने ९०-० असा सामना जिंकला होता, त्याची ही प्रतिक्रिया. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ परगण्यात ४२हून अधिक गुणांनी जिंकलं की प्रशिक्षकाला खुलासा द्यावा लागतो. २०१९मध्ये तिथल्या प्लेनएज हायस्कूलच्या प्रशिक्षकांना ६१-१३ अशा विजयानंतर एका सामन्यासाठी बाहेर बसवण्यात आलं. निदान इथे खुलासा ऐकून घेतात. नुसता आकडा पाहिला तर ब्यूकॅनन आणि इंगलवुडचे प्रशिक्षक एकाच तराजूत तोलले जातील.

त्यापेक्षा घड्याळावरचा उपाय सरस. कॅलिफोर्नियात तिसऱ्या भागाच्या अखेरीस ३५ गुणांची आघाडी असेल तर शेवटच्या भागात घड्याळ थांबत नाही. इतर बऱ्याच राज्यांत हे उत्तरार्धातच लागू होतं. यात कोणाला बेइमान व्हावं लागत नाही. मुलं पूर्ण ताकदीने खेळतात, फक्त चाली कमी होतात. धडकाधडकीच्या या खेळात दमलेल्या, अंगाने लहान मुलांना कमी टकरा झेलाव्या लागतात, हा फायदा मला गुणांपेक्षाही मोठा वाटतो. इंगलवुडच्या बाबतीत हा नियम फार उशिरा लागू झाला, एवढीच त्यातली उणीव. टेक्सासच्या खेड्यापाड्यांतल्या छोट्या शाळा प्रत्येकी सहा खेळाडूंचा फुटबॉल खेळतात. तिथे मध्यंतराला किंवा त्यानंतर ४५ गुणांचा फरक झाला की सामना तिथेच संपतो.

पण या सगळ्या मलमपट्ट्या. टेक्सासमध्ये शाळांचे गट दर दोन वर्षांनी ठरतात, ते पटावरच्या विद्यार्थिसंख्येनुसार. पट सारखा असला तरी एका शाळेमागे फुटबॉलवेडं सधन उपनगर असतं, तर दुसरीकडे संघापुरती मुलं गोळा करतानाच प्रशिक्षकाची दमछाक होते. अलेडो आणि वेस्टर्न हिल्स एकाच गटात होते, म्हणून सामना व्हायचाच होता. दक्षिण कॅलिफोर्नियात बाद फेरीचे गट आता मैदानावरच्या कामगिरीवरून पाडतात. साखळी सामन्यांनाही तेच लावावं. गेल्या काही हंगामांचे निकाल समोर ठेवून वेळापत्रक आखणं अवघड नाही, आणि हे काम प्रशिक्षकांचं नसून संघटनांचं आहे.

(पुढील आठवड्यात : शालेय सामन्यांतले पंच का कमी होत आहेत?)