भोंगा उगाच वाजला म्हणून वायर तोडू नका

ट्रॉलरमालक, तांडेल, रापणकार, बर्फ कारखान्यातले कामगार आणि जेटीवरचे दुकानदार, सगळ्यांसाठी हे लिहितो आहोत. जरा लांब झालं आहे, पण ज्यांच्या गोदामात, कोल्ड रूममध्ये किंवा हॉटेलात आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. आणि जे अजून "बसवतो बसवतो" म्हणतात, त्यांनी तर वाचावंच.

आधी आमचीच चूक सांगतो. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, बोटी वर असतात आणि आवारात सगळीकडे दुरुस्तीची कामं चालतात. त्या दिवसांत पंधरवड्यात चार वेळा आमच्या जाळी ठेवायच्या गोदामाचा भोंगा वाजला. पहिल्यांदा शटरजवळ गॅस कटिंग चाललं होतं, त्याचा धूर आत गेला. दुसऱ्यांदा पहाटे दोन वाजता, शेजारच्या कोल्ड रूमचा दरवाजा उघडा राहिला म्हणून. तिसऱ्यांदा टेम्पो इंजिन चालू ठेवून पाठीमागून आत घातला. चौथ्यांदा का वाजला, ते कुणालाच कळलं नाही. चारही वेळा माणसं धावली, पावसात भिजली, आणि आग काही नव्हती. मग कुणीतरी भोंग्याची वायर काढून ठेवली. कोणी, ते आम्हाला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण त्या रात्री शांत झोप लागली तेव्हा आम्हालाही बरंच वाटलं होतं.

पुढे काही आठवड्यांनी त्याच गोदामात बोटीची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. एक्स्टेन्शन बोर्ड जुना. रात्री तो धुमसायला लागला. पॅनेलवर लाल दिवा लागला होता, यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, पण भोंगा मुका. माळ्यावर सहा खलाशी झोपले होते. त्यातला एक लघवीला उठला, त्याला जळका वास आला आणि त्याने बाकीच्यांना उठवलं. एक भिंत काळी झाली, एका जाळ्याची कड वितळली, तेवढ्यावर भागलं. पर्ससीनचं जाळं लाखांत जातं, पण आम्हाला अजूनही आठवतात ते त्या माळ्यावरचे सहा जण.

आता मुद्द्याचं. भोंगा "उगाच" वाजत नाही. त्याला काहीतरी दिसतं, फक्त ते आग असतंच असं नाही. छतावर जी पांढरी वाटी दिसते तिच्या आत एक काळोखी डबी असते. त्या डबीत एक बारीक दिवा असतो आणि त्याचा प्रकाश ओळखणारा डोळा असतो, पण दोघे समोरासमोर नसतात. हवा स्वच्छ असेल तर प्रकाश त्या डोळ्यापर्यंत जात नाही. धूर शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि भोंगा वाजतो. पण वाफेच्या थेंबावर आपटूनही प्रकाश तसाच विखुरतो. धुळीवर, डिझेलच्या काजळीवर, आत शिरलेल्या कोळ्यावर किंवा मुंगीवरही विखुरतो. बिचाऱ्या वाटीला यातला फरक कळत नाही.

म्हणून ही वाटी कुठे लावली, यावर अर्धं काम अवलंबून असतं. आपल्याकडे थंड खोलीचा दरवाजा उघडला की बाहेरच्या दमट हवेत ढगासारखं धुकं होतं. त्या दाराच्या बरोबर वर धुराचा डिटेक्टर लावला तर तो रोज ओरडणार. क्रेट गरम पाण्याने धुतात तिथेही तेच. स्वयंपाकघरात, टेम्पो आत येतो त्या जागी, जनरेटरच्या खोलीत धुराऐवजी उष्णतेचा डिटेक्टर लावतात. त्याचे दोन प्रकार असतात. एक साधारण साठ अंशांच्या आसपास तापमान गेलं की वाजतो, दुसरा तापमान झपाट्याने चढायला लागलं की वाजतो. मासे तळल्याने तो वाजणार नाही. पण तो धुरापेक्षा उशिरा जागा होतो, हेही लक्षात ठेवा. म्हणून माणसं झोपतात तिथे धुराचाच हवा, उष्णतेचा नको. आमच्या माळ्यावर तो होता म्हणून तर पॅनेलला कळलं.

कुठे कोणता लावायचा याचं भारतीय मानक आहे, आयएस २१८९. बसवणारा माणूस आला की त्याला एवढंच विचारा, "या जागेला हाच का?" उत्तर देता आलं नाही तर दुसरा माणूस बघा. आम्ही विचारलं नव्हतं. कोटेशन स्वस्त होतं, एवढंच बघितलं.

आणखी एक गोष्ट आपल्या खाऱ्या हवेची. जेटीवर लोखंडाची जी गत होते तीच डिटेक्टरच्या जोडणीची होते. तारेच्या टोकांवर हिरवट थर चढतो, पाणी शिरतं, मग पॅनेलवर पिवळा "फॉल्ट"चा दिवा लागतो आणि कधीकधी थेट भोंगाच वाजतो. आमचा चौथा न कळलेला भोंगा हाच निघाला. माळ्याच्या जिन्याजवळच्या बटणाच्या डबीत पावसाचं पाणी होतं. पिवळा दिवा म्हणजे आग नाही, पण यंत्र आजारी आहे. तो महिनोन् महिने लागलेला दिसतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मीटरजवळ देवाचा दिवा लावल्यासारखा तो आपला तेवत असतो.

पॅनेलवर दोन बटणं असतात, "सायलेन्स" आणि "रीसेट". दोन्ही एकच, असं समजून बरेच जण रीसेट दाबून मोकळे होतात. सायलेन्सने फक्त आवाज थांबतो, कुठल्या भागातून सूचना आली ते दिसत राहतं. रीसेटने सगळं पुसलं जातं. साध्या पॅनेलवर मग कुठे वाजलं होतं ते कधीच कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा अंधारात चाचपडणं. म्हणून आधी कोणता झोन आहे ते वाचायचं, वहीत लिहायचं, जाऊन बघायचं, मगच रीसेट.

बघायला कोण जाणार, हे आधी ठरलेलं असावं. एकटा जाऊ नये, दोघं जावेत, आणि बाकीचे तोवर बाहेर येऊन उभे राहावेत. धूर दिसला, दार हाताला गरम लागलं किंवा नुसती शंका आली तरी दार उघडायचं नाही. मागे फिरायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा. रात्री माणसं झोपलेली असतील तर बघण्यात वेळ घालवू नका. आधी सगळे खाली, फोन, मग बाकीचं.

बर्फ कारखानेवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. अमोनिया गळला की हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याचं पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत पसरू शकतं. धुराचा डिटेक्टर त्यानेही वाजू शकतो. तुम्ही धावत जाता, ज्वाळा दिसत नाहीत, म्हणता "खोटा अलार्म", आणि आत पाऊल टाकता. आग खोटी असेल, धोका खरा असतो. २०१८ च्या जानेवारीत चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा आजूबाजूच्या लोकांना रात्री घरं सोडावी लागली होती, ते आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. नाकाला झोंबलं की आत जायचं नाही, वारा कुठून येतो ते बघून त्या दिशेला किंवा आडवं निघायचं, आणि फोनवर "आग" न सांगता "अमोनिया" असं स्पष्ट सांगायचं. येणारे जवान त्याप्रमाणे तयारीने येतात.

फोनवरून आठवलं. काहींचा समज आहे की भोंगा वाजला की बंब आपोआप येतो. आपल्या जेटीवरच्या यंत्रणांचा अग्निशमन केंद्राशी काही संबंध नाही. कुणीतरी फोन करावा लागतो. आणि जिथे तसा संबंध असतो तिथेही आता माणसाचा शब्द मागतात. स्कॉटलंडमध्ये १ जुलै २०२३ पासून दुकानं-कारखान्यांच्या नुसत्या यंत्राच्या सूचनेवर गाडी पाठवणं बंद झालं. खरंच आग आहे असं कुणीतरी कळवावं लागतं. रुग्णालयं, हॉटेलं अशा माणसं झोपतात त्या जागांना सूट आहे. लंडनच्या अग्निशमन दलानेही ऑक्टोबर २०२४ पासून दिवसा बहुतेक व्यापारी इमारतींसाठी तसंच केलं. कारण साधं आहे. खोट्या बोलावण्यावर गेलेली गाडी खऱ्या आगीला मोकळी नसते.

खोट्या भोंग्यांनी गाड्यांपेक्षा माणसांवर जास्त परिणाम होतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात १९ जानेवारी २००० च्या पहाटे आग लागली. आधीच्या काही महिन्यांत तिथे अठरा वेळा खोटा अलार्म झाला होता. खरा वाजला तेव्हाही अनेक मुलांना तो एकोणिसावा खोटाच वाटला आणि ती अंथरुणातून लगेच उठली नाहीत. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. तिथे तर भोंगा वाजत होता. आम्ही वायरच काढली होती.

वेल्डिंग किंवा रंगकाम असेल तेव्हा काय करायचं, असं पात्रांव लोक विचारतात. सगळं पॅनेल बंद करायचं नाही. फक्त त्या भागाचा झोन तात्पुरता वेगळा करता येतो. कोणी केला, किती वाजता, कधी परत चालू करणार, हे वहीत लिहायचं. तेवढा वेळ एक माणूस बादली-एक्स्टिंग्विशर घेऊन तिथेच बसवायचा आणि काम संपल्यावरही निदान तासभर उठवायचा नाही, कारण ठिणगी जाळ्यात पडली तर ती आधी आत धुमसते. संध्याकाळी झोन परत चालू. रंग देताना वाटीला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि ती तशीच राहते. आम्ही एका गोदामात चतुर्थीपर्यंत बांधलेली पिशवी बघितली आहे.

चाचणी अगरबत्ती पेटवून करू नका. त्याची काजळी आत बसते आणि पुढे तीच खोटा भोंगा वाजवते. चाचणीचा स्प्रे मिळतो, तो देखभाल करणाऱ्याकडून करून घ्या. वर्षाचा करार महाग वाटतो खरा, पण लिलावाच्या वेळी भोंगा वाजून माणसं बाहेर गेली आणि मासळी उन्हात राहिली, तर एका सकाळीच तेवढे पैसे जातात.

सूचना मराठीत लिहून भागत नाही. बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली मुलं आहेत. नवा खलाशी आला की त्याला भोंगा एकदा वाजवून ऐकवा, कुठून खाली उतरायचं ते चालून दाखवा. त्या रात्री ज्याने सगळ्यांना उठवलं त्याला मराठी येत नव्हतं. पॅनेल काय असतं हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे आता भोंग्याची वायर परत जोडली आहे. कोल्ड रूमच्या दाराजवळचा डिटेक्टर चार मीटर बाजूला नेला, टेम्पोच्या जागी उष्णतेचा लावला, बटणाच्या डबीला झाकण बसवलं, आणि माळ्यावर बॅटरी चार्जिंग बंद केलं. पॅनेलशेजारी दोरीला बांधलेली वही आहे. दर सोमवारी सकाळी दहा वाजता भोंगा वाजवून बघतो, म्हणजे त्या वेळी कुणी धावू नये. इतर कुठल्याही वेळी वाजला तर धावावं. पॅनेलची चावी कार्यालयात डाव्या खिळ्याला आणि दुसरी रात्रपाळीच्या वॉचमनकडे. ज्यांना आपल्या गोदामाचा डिटेक्टर बरोबर जागी आहे का ते बघून हवं असेल, त्यांनी नाव कार्यालयात नोंदवावं. देखभाल करणारा या महिन्यात दोनदा येणार आहे, त्याला सोबत घेऊन येऊ.