भुवनांच्या मोहिमेला भिडू हवेत

● 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' : पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा खेळ, १९७४. निर्माते गॅरी गायगॅक्स, डेव्ह आर्नसन.

● 'प्लेनस्केप' : १९९४. याच खेळातली परभुवनांची दुनिया. बाह्य भुवनं १६, मधोमध आउटलँड्स. तिथल्या सुळक्याच्या माथ्यावर सिगिल नगरी. ती बांगडीसारख्या कड्याच्या आतल्या अंगाला वसलेली. मान वर केली की समोरच्या वस्तीची छपरं दिसतात. कुठलीही कमान दुसऱ्या भुवनात उघडू शकते. ती उघडणारी किल्ली म्हणजे वस्तू, शब्द, कधी नुसता विचार.

● मंडळी : एक डन्जन मास्टर (खेळ चालवणारा), बहुधा तीन ते पाच खेळाडू. खेळ ऑनलाइन : नकाशा-फासे 'रोल२०'वर, बोलणं 'डिस्कॉर्ड'वर.

● भिडू बोलावताना कळवायचं : वार, टाइमझोनसह वेळ, नियम २०१४च्या आवृत्तीचे की २०२४च्या, पात्रांची लेव्हल.

● 'सेशन झीरो' : खेळाआधीची बैठक. पात्रं जुळवणं, नको ते विषय ठरवणं. ऑनलाइन अनोळखी मंडळींत ती गाळू नये.