केर कोणता आणि ठेव कोणती?
संगणकातील जागा मोकळी करण्यासंबंधी चार शब्द

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, संस्थापकांचे स्मरण व्हावे, हिशेबाचा गोषवारा यावा, हे योग्यच होय. त्यांच्या पंक्तीला संगणकाच्या साफसफाईवरील लेख बसविण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. याचे कारण एवढेच की, ज्या वह्यांनी तो इतिहास आजवर सांभाळला, त्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. सभासदांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, देणग्यांच्या पावत्या, जुन्या संमेलनांची छायाचित्रे हे सारे कचेरीतील एका पेटीत असते. घरोघरीही तीच स्थिती आहे. एके दिवशी पडद्यावर 'जागा संपत आली' अशी सूचना उमटते, आणि मग घाईघाईने हाती लागेल ते पुसण्याचा सपाटा सुरू होतो. त्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. ते जळू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या संगणकावर विंडोज ही प्रणाली असते. म्हणून विवेचन तिच्यापुरतेच ठेवतो.

जागा जाते कोठे?

प्रथम एक लहानसा गैरसमज दूर करू. विकत घेताना खोक्यावर १२८ गिगाबाइट असे लिहिलेले असते आणि विंडोज मात्र सुमारे ११९ दाखविते. दुकानदाराने फसविले असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः फरक मोजण्याच्या मापाचा आहे. डिस्क बनविणारा हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते. जागा तेवढीच, माप निराळे.

खरी जागा खातात त्या सुधारणा, म्हणजे अपडेट. विंडोज बनविणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या सुधारणा पाठविते. त्या येतात, बसतात, आणि मागे काही सामान ठेवून जातात. घरात गवंडीकाम झाल्यावर अंगणात विटा, वाळू आणि रिकामी पोती उरावीत, तसा हा प्रकार आहे. मात्र उरलेले सगळेच टाकाऊ नसते. उद्या भिंतीला ओल आली तर त्यातलेच काही उपयोगी पडावयाचे असते. म्हणून या सामानाची ओळख करून घेतली पाहिजे.

चार प्रकारचे उरलेले सामान

पहिले आणि सर्वांत जड सामान म्हणजे 'विंडोज.ओल्ड' नावाचे दप्तर. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सेवा सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि त्या सुमारास अनेकांनी विंडोज ११ बसवून घेतली. अशा वेळी जुनी प्रणाली लगेच नष्ट होत नाही. ती या दप्तरात बांधून ठेवली जाते, आणि ती अनेकदा दहा-वीस गिगाबाइट जागा अडविते. ती ठेवण्याचे कारण शहाणपणाचे आहे. नवी प्रणाली मानवली नाही, छपाईयंत्र चालेना किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेना, तर जुनीकडे परतता यावे. ही परतीची वाट साधारणतः दहा दिवस उघडी असते. त्यानंतर विंडोज स्वतःच ते दप्तर काढून टाकते. म्हणून प्रणाली बदलल्यावर पहिले काही दिवस सगळी नित्याची कामे करून पाहावीत. सारे ठीक चालले तरच दप्तर काढण्यास हरकत नाही. एकदा काढले की परतीची वाट बंद होते, हे मात्र ध्यानात असावे.

याच दप्तराबाबत आणखी एक सावधगिरी. कोणी कारागिराने जुनी डिस्क न पुसता तिच्यावर विंडोज नव्याने बसविली असेल, तर आपली जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे याच दप्तरातील 'युजर्स' या कप्प्यात राहिलेली असू शकतात. म्हणून ते काढण्यापूर्वी त्यात डोकावून पाहावे आणि आपले असेल ते बाहेर काढून घ्यावे.

दुसरे सामान म्हणजे जुन्या झालेल्या मासिक सुधारणांच्या प्रती. नवी सुधारणा आली तरी आधीच्या प्रती काही काळ राखल्या जातात. यादीत त्यांचे नाव 'विंडोज अपडेट क्लीनअप' असे असते. संगणक सुरळीत चालत असेल तर या काढण्यात धोका नाही.

तिसरे सामान 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या नावाने दिसते. आपल्याकडे उतरलेली सुधारणा दुसऱ्या संगणकालाही देता यावी, म्हणून ठेवलेल्या या प्रती होत. त्या निःशंक काढाव्यात.

चौथे सामान म्हणजे तात्पुरत्या फायली आणि काम करताना विंडोजने लिहून ठेवलेल्या नोंदी. त्यांची जागा बहुधा थोडीच असते. त्याही काढता येतात.

सफाईची रीत

या साऱ्याला एकच सूत्र पुरेसे आहे. जे विंडोजने मांडले ते विंडोजच्या हातूनच उचलावे, आणि जे आपण मांडले ते आपण स्वतः पाहूनच उचलावे.

प्रारंभी महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मांडणी-संगणक असेल तर त्याला चार्जर जोडावा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम अर्धवट राहणार नाही. एखादी सुधारणा अर्धवट बसली असेल, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ती पुरी होऊ द्यावी. त्यानंतर 'सेटिंग्ज' उघडून 'सिस्टम', त्यात 'स्टोरेज', आणि त्यात 'टेंपररी फाइल्स' येथे जावे. थोड्या वेळात एक यादी तयार होते, आणि प्रत्येक नावापुढे त्याने किती जागा घेतली आहे ते दिसते. वर सांगितलेल्या नावांपुढील चौकोनात खूण करावी आणि 'रिमूव्ह फाइल्स' हे बटण दाबावे. जुन्या यंत्राला यास बराच वेळ लागू शकतो. त्या वेळात बटण दाबून संगणक बंद करू नये. काम संपल्यावर एकवार तो पुन्हा सुरू करावा.

ज्यांना जुनी वहिवाट सोयीची वाटते, त्यांच्यासाठी 'डिस्क क्लीनअप' हे साधन आहे. ते विंडोज ९८ पासून चालत आलेले आहे. ते उघडल्यावर प्रथम जी यादी येते तीत सुधारणांचे सामान दिसत नाही. त्यासाठी 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हे बटण दाबावे लागते, आणि संगणकाच्या प्रमुख खात्याचा अधिकार असावा लागतो.

आता धोक्याची जागा. त्याच 'टेंपररी फाइल्स'च्या यादीत 'डाउनलोड्स' हे नाव दिसते. ते विंडोजचे सामान नव्हे, ते आपले आहे. विद्यार्थ्याने ई-मेलने पाठविलेली गुणपत्रिका, बँकेचा उतारा, लग्नाची छायाचित्रे असे बाहेरून आलेले सारे तेथेच उतरते, आणि आळसाने बहुधा तेथेच राहते. आमच्या परिचयाच्या एका घरी सर्वच चौकोनांत खुणा करण्यात आल्या, आणि मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी जमविलेले दाखले अर्जाची मुदत चार दिवसांवर आली असता नाहीसे झाले. कचेऱ्यांचे उंबरठे पुन्हा झिजवावे लागले. जागा मिळाली ती दोन गिगाबाइटसुद्धा नव्हती. म्हणून 'डाउनलोड्स'पुढे खूण करू नये. तो कप्पा स्वतः उघडून एकेक वस्तू पाहावी. 'रीसायकल बिन' रिकामी करण्यापूर्वीही अशीच नजर टाकावी.

जेथे हात लावू नये

विंडोजच्या मुख्य कप्प्यात 'विनएसएक्सएस' नावाचे एक कोठार असते. त्याचा आकार पाहून पुष्कळांचे डोळे विस्फारतात आणि हात शिवशिवतात. पण तो आकार फसवा आहे. आपल्या वाचनालयातील एकाच पुस्तकाची एक चिठ्ठी लेखकाच्या नावाखाली असते, दुसरी पुस्तकाच्या नावाखाली. चिठ्ठ्या मोजणाऱ्याला दोन पुस्तके आहेत असे वाटेल, फळीवर मात्र पुस्तक एकच असते. तसेच या कोठारातील अनेक फायलींची नोंद दोन ठिकाणी असते, आणि मोजताना एकच जागा दोनदा धरली जाते. शिवाय प्रणालीचे सुटे भाग येथेच असतात. येथील फायली हाताने पुसल्या तर पुढच्या सुधारणा बसत नाहीत, आणि कधी कधी संगणक सुरूच होत नाही. या कोठारातील जुने भाग विंडोज स्वतःच वेळोवेळी काढते. त्यासाठी वर सांगितलेली रीत पुरेशी आहे.

'एका क्षणात संगणक स्वच्छ' अशी जाहिरात करणाऱ्या उपऱ्या प्रोग्रॅमांपासूनही दूर राहावे. जे काम घरचे साधन फुकट आणि जबाबदारीने करते, त्यासाठी अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या कशाला द्याव्यात? त्याचप्रमाणे, जागा वाचविण्यासाठी सुधारणाच बंद करून ठेवणे हाही उपाय नव्हे. सुधारणा थांबल्या की सुरक्षेतील छिद्रे उघडी राहतात, आणि सभासदांचे पत्ते व हिशेब त्याच पेटीत असतात.

इतके करूनही जागा पुरली नाही, तर दोष सुधारणांचा नाही, असे समजावे. अशा वेळी छायाचित्रे आणि चित्रफिती बाहेरच्या डिस्कवर हलवाव्यात. त्या डिस्कचीही एक प्रत दुसऱ्या जागी असावी, कारण एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एकाच अपघातात जाते.

दिवाळी असो वा ईद, सणापूर्वी आपण घर झाडतो. त्या वेळी घरातील वडीलधारी मंडळी केर बाहेर टाकण्यापूर्वी सुपात एकदा बोटे फिरवून पाहतात, न जाणो एखादा मणी किंवा कानातले त्यात गेले असेल. संगणक झाडतानाही ही सवय ठेवली, तर आपल्या संस्थेचे दप्तर पुढच्या पिढीच्या हाती अखंड जाईल. संस्थेच्या पुढील महोत्सवाचे संपादक जुनी छायाचित्रे आणि शिष्यवृत्तीच्या याद्या शोधू लागतील, तेव्हा त्या त्यांना जागच्या जागी सापडोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.