वेगवान म्हणजे काय, फुकट म्हणजे काय



आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे, ब्राउझरच्या वेगाशी तुमचा काय संबंध? संबंध आहे. वर्गात मी जन्मभर एकच काम केलं. विद्यार्थ्याने एखादा शब्द वापरला, की त्याला विचारायचं, 'म्हणजे काय?' आज तोच प्रश्न दोन शब्दांना विचारू. एक 'वेगवान' आणि दुसरा 'फुकट'.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. माझा लॅपटॉप फार रेंगाळायला लागला होता. पुतण्या म्हणाला, "काका, ब्राउझर बदलून बघा." मी क्रोम वापरत होतो, तो सोडून फायरफॉक्स घेतला. पानं झटक्यात उघडायला लागली! मी लगेच चार मित्रांना फोन करून सांगितलं, फायरफॉक्सच वेगवान. दोन महिन्यांनी तोही तसाच रेंगाळायला लागला. तेव्हा उजेड पडला. जुन्या ब्राउझरमध्ये तीसेक टॅब उघडे होते, वर नऊ एक्स्टेन्शन्स. नव्यात सुरुवातीला काहीच नव्हतं. म्हणजे मी दोन ब्राउझरची तुलना केलीच नव्हती. अडगळीच्या खोलीची तुलना रिकाम्या खोलीशी केली होती.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली. दोन प्रसंग बाकी सगळ्या बाबतींत सारखे असावेत, एकाच बाबतीत वेगळे असावेत. मग परिणामातल्या फरकाचं कारण त्या एका बाबीत शोधता येतं. हे मी पोरांना तीस वर्षं शिकवलं आणि स्वतःच्या लॅपटॉपपाशी आल्यावर विसरलो.

आता मुळात पान उघडतं कसं, ते बघू. तुम्ही पत्ता टाइप करता. त्या नावाचा आकडी पत्ता शोधला जातो. मग तुमची मागणी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथून मजकूर, चित्रं, जावास्क्रिप्टचा कोड येतो. तो कोड चालवून ब्राउझर पान रचतो. यातल्या पहिल्या टप्प्यांवर तुमचं इंटरनेट आणि तो सर्व्हर यांचीच सत्ता असते. ब्राउझरचं खरं कौशल्य दिसतं ते शेवटच्या टप्प्यात. नळाला पाणीच कमी येत असेल, तर तोटी बदलून काय होणार?

हा शेवटचा टप्पा मोजायला एक मोफत साधन आहे, स्पीडोमीटर. ते ब्राउझरमध्येच उघडतं. वापरणारा माणूस जशी कामं करतो, म्हणजे यादीत नोंद घालणं, ती पुरी झाल्याची खूण करणं, काढून टाकणं, तशी ते आपोआप भराभर करून बघतं आणि गुण देतं. गुण जास्त तितका वेग जास्त. त्याची तिसरी आवृत्ती २०२४ साली आली आणि ती घडवताना अॅपल, गूगल, मोझिला हे प्रतिस्पर्धी एकत्र बसले होते. परीक्षेचा पेपर सगळ्या शाळांनी मिळून काढावा, तसं.

हे का करावं लागलं, ते महत्त्वाचं आहे. गूगलची स्वतःची ऑक्टेन नावाची चाचणी होती. २०१७ साली त्यांनी ती स्वतःच बंद केली. कारण ब्राउझर बनवणारे त्या चाचणीत गुण मिळतील अशा सुधारणा करत होते, आणि खऱ्या पानांना त्याचा फायदा होत नव्हता, कधी तर तोटाच होत होता. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं, की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आपल्या परीक्षापद्धतीबद्दल मी वेगळं काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

घरी करून बघायचं असेल, तर असं करा. लॅपटॉप चार्जरला लावा. बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. दोन्ही ब्राउझर अद्ययावत करून घ्या. चाचणी खाजगी विंडोत चालवा. तिथे एक्स्टेन्शन्स, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, बंद असतात. प्रत्येकी तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

आणखी एक गंमत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावं वेगळी, पण आतलं इंजिन एकाच घराण्याचं, क्रोमियमचं. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, सफारीचं वेगळं. मग ब्रेव्हमध्ये बातम्यांचं पान लवकर का उघडतं? कारण तो बऱ्याच जाहिराती आणि माग काढणारे कोड आणतच नाही. कमी ओझं घेऊन चालणारा पुढे जाणारच.

इथे आपण दुसऱ्या शब्दाशी येतो. ब्राउझर फुकट मिळतो, मग त्याचे पैसे कोण देतं? अमेरिकेत गूगलवर चाललेल्या खटल्यात बाहेर आलं, की सफारीत आपलं शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने अॅपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. तुमचं लक्ष कुठे वळतं, याची ती किंमत! तुम्ही दिली नाही, म्हणून किंमत नव्हती असं होत नाही.

आता माझी दुसरी चूक. एका कामासाठी कागदपत्रांची पीडीएफ लहान करून हवी होती. शोधलं, पहिलं जे फुकट साधन मिळालं, त्यावर आधार, पॅन, पासबुक, सगळं एका फाइलीत चढवलं. दहा सेकंदांत काम झालं. रात्री झोप येईना. ती फाइल गेली कुठे? पानावर लिहिलं होतं, तासाभरात पुसून टाकतो. हे मला पडताळता येतं का? नाही. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण बोलणारा आप्त असला तर! म्हणजे विषय जाणणारा आणि खरं सांगणारा. मी मात्र अनोळखी संकेतस्थळाला आप्त मानून बसलो होतो.

म्हणून फुकट साधन दिसलं की एक प्रश्न विचारा: काम कुठे होतं, माझ्या यंत्रावर की त्यांच्या? चित्रं लहान करणारं स्क्वूश हे साधन काम तुमच्या ब्राउझरमध्येच करतं. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करा. तरी काम चालतं. हे प्रत्यक्ष प्रमाण. पीडीएफमधली दोनच पानं हवी असतील, तर ब्राउझरच्याच प्रिंटमध्ये पानांचे क्रमांक देऊन पीडीएफ म्हणून जतन करा. कुठे चढवायची गरज नाही. आणि आधार द्यावंच लागलं, तर जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या.

सगळं फुकट संशयास्पद असतं, असं मी म्हणत नाही हं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी खुला ठेवलाय. आपला मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. ते ज्ञानदान आहे. ती फाइल मात्र मला परत आणता येत नाही. तुमची अजून तुमच्यापाशी आहे, तोवर विचारून घ्या.